डिझेल गाडीचा इनटेक मॅनिफोल्ड पहिल्यांदाच साफ करताय? मग हे आधी वाचा

गाडी पिकअप घेत नाही, चढाला दुसऱ्या गिअरमध्ये धापा टाकते आणि सिग्नल सुटला की मागे काळा फवारा सोडते. डिझेल गाडीचं रनिंग वाढलं की नाशिकच्या कुठल्याही गॅरेजवर ही तक्रार कानावर येते, आणि तिचं उत्तरही ठरलेलं असतं: "कार्बन झालाय साहेब, साफ करून टाकू." कधी ते बरोबर असतं. कधी मात्र फाटलेल्या होज पाइपचं खापर कार्बनवर फुटतं.

ज्यांना हाताने काम करायची हौस आहे, पाने धरता येतात, पण इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनाच्या सिलिंडरांना हवा वाटून देणारा नळ्यांचा फाटा) कधी खोललेला नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी हे काम आधी माझ्या गाडीवर केलं, मग ओळखीपाळखीच्यांच्या गाड्यांवर. ब्रशने घासणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. नुकसान होतं ते खोलताना आणि जोडताना. त्यामुळे खाली घासण्याबद्दल कमी आणि बाकीच्याबद्दल जास्त सापडेल.

आधी थोडं: हा कार्बन येतो कुठून?

डिझेल इंजिनात जळण खूप तापलं की नायट्रोजन ऑक्साइड तयार होतात. ते कमी करायला ईजीआर व्हॉल्व्ह सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरातला काही भाग परत इंजिनात सोडतो. त्या धुरात काजळी असते. दुसऱ्या बाजूने इंजिनाच्या ब्रीदरमधून (आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) तेलाची वाफ इनटेकमध्ये येते. कोरडी काजळी आणि तेलाची वाफ एकत्र आली की मॅनिफोल्डच्या भिंतींवर काकवीसारखा घट्ट, चिकट थर बसत जातो आणि हवेचं तोंड बारीक होतं.

धुराच्या प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तसं ईजीआरचं काम वाढत गेलं. देशभर बीएस-४ लागू झालं १ एप्रिल २०१७ ला आणि बीएस-६ १ एप्रिल २०२० ला. डिझेल कारसाठी नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरला ०.२५ ग्रॅमवरून थेट ०.०८ ग्रॅमवर आली. म्हणून "आमच्या जुन्या जीपला असलं काही लागत नव्हतं" हे काकांचं म्हणणं खरंच आहे, पण तुमच्या गाडीला ते लागू होत नाही.

आणखी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, मॅनिफोल्डमधून फक्त हवा जाते. त्यामुळे टाकीत ओतायच्या बाटलीने मॅनिफोल्ड साफ होणं शक्यच नाही. ते औषध तिथवर पोहोचतच नाही.

१. खोलण्याआधी खात्री करा

दम जाणं आणि धूर मारणं याला निम्मा डझन कारणं असतात. स्वस्त कारणं आधी बाद करा:

- एअर फिल्टर काढून बघा. पिंपळगाव, निफाडकडच्या मातीच्या रस्त्यांवर फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर वेळेआधीच भरतो.
- टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी) आणि तिथून इंजिनापर्यंतचे होज पाइप हाताने दाबून, वाकवून बघा. क्लॅम्पच्या खालची चीर वरून दिसत नाही. पाइपाच्या बाहेर तेलाचा ओला डाग असेल तर तिथून हवा गळते आहे असं समजा.
- डिझेल फिल्टर शेवटचा कधी बदलला ते सर्व्हिस बुकात बघा.
- इंजेक्टरवर शंका असेल तर डिझेल लॅबमध्ये तपासून घ्या. सातपूरला मायकोत, म्हणजे आताच्या बॉशमध्ये, नॉझल आणि इंजेक्टरच बनतात. त्यामुळे तिथून रिटायर झालेले एखादे काका आपल्या सगळ्यांच्याच ओळखीत असतात. त्यांचा सल्ला जरूर घ्या, पण रीडिंग मशीनचंच धरा.

मग स्कॅनर लावा. गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषांचे कोड वाचणारा, ब्लूटूथवर चालणारा साधा ओबीडी स्कॅनर पुरतो. पी०४०१ म्हणजे ईजीआरचा प्रवाह कमी पडतोय, पी०४०२ म्हणजे जास्त होतोय, पी०१०१ एअर मास सेन्सरकडे (आत येणारी हवा मोजणारा) बोट दाखवतो आणि पी०२९९ टर्बोचा दाब कमी असल्याचं सांगतो. कोड म्हणजे निदान नव्हे. कुठे बघायचं एवढंच तो सांगतो.

इथे नाशिककरांनी एक आकडा ध्यानात ठेवावा. चावी ऑन, इंजिन बंद अशा अवस्थेत मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधल्या हवेचा दाब मोजणारा) बाहेरच्या हवेचाच दाब दाखवतो. समुद्रसपाटीला तो १०१ किलोपास्कलच्या आसपास असतो. आपलं शहर साधारण ६०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे ९४-९५ दिसणं अगदी बरोबर आहे. मुंबईत चित्रित झालेला व्हिडिओ बघून "माझा सेन्सर कमी दाखवतोय" म्हणत नवा सेन्सर घेऊ नका. आकडा ८० दाखवत असेल किंवा १२० च्या वर असेल, तर मात्र सेन्सरवर काजळी बसली आहे किंवा तो गेला आहे.

शेवटची खात्री डोळ्यांनी करा. इंटरकूलरकडून येणारा पाइप थ्रॉटल बॉडीवरून (मॅनिफोल्डच्या तोंडावरची हवेची झडप) काढा आणि टॉर्च मारून आत बघा. मोबाइलला जोडायचा एन्डोस्कोप कॅमेरा असेल तर उत्तम. पातळ काळा थर सगळ्याच गाड्यांना असतो, त्यासाठी मॅनिफोल्ड खोलायची गरज नाही. बोट फिरवल्यावर थरात खोल चर पडत असेल आणि तोंड डोळ्यांना दिसेल इतकं लहान झालं असेल, तर काम करण्यासारखं आहे.

२. हे काम तुमचं आहे का, ते ठरवा

गाडी वॉरंटीत असेल तर पाना उचलूच नका, सर्व्हिस सेंटरला न्या.

वॉरंटी संपली असेल तर बॉनेट उघडून एकच गोष्ट शोधा: कॉमन रेलचे (सगळ्या इंजेक्टरना मोठ्या दाबाने डिझेल पुरवणारी नळी) लोखंडी पाइप मॅनिफोल्डच्या वरून जातात का? इंजेक्टरकडे जाणारे, पेन्सिलीएवढ्या जाडीचे, दोन्ही टोकांना नट असलेले पाइप. मॅनिफोल्ड काढायला ते सोडवावे लागत असतील तर पहिल्या वेळी हे काम घरी करू नका. चालू इंजिनात तिथे १,६०० बार आणि त्याहून जास्त दाब असतो. कामाच्या वेळी उघड्या तोंडात धुळीचा कण गेला तर इंजेक्टर जातो, आणि बऱ्याच कंपन्या हे पाइप एकदा काढले की नवेच लावायला सांगतात. अशा गाडीत फक्त ईजीआर व्हॉल्व्ह आणि थ्रॉटल बॉडी घरी साफ करा. पुष्कळदा तेवढ्यानेही फरक पडतो.

मॅनिफोल्ड इंजिनाच्या मागे, ड्रायव्हरच्या पायाकडच्या पत्र्याला चिकटून असेल तरी दोनदा विचार करा. खालचे बोल्ट दिसत नाहीत, आणि न दिसणारा बोल्ट पडला की तो कुठे गेला हेही दिसत नाही.

३. सामान आणि कागद

कागदांत फक्त आरसी. ती स्पेअर पार्टच्या दुकानासाठी लागते. द्वारका किंवा मुंबई नाक्याच्या बाजूला कुठल्याही काउंटरवर "अमुक गाडीची मॅनिफोल्ड गॅस्केट द्या" म्हणालात की पहिला प्रश्न येतो, "भाऊ, चेसिस नंबर सांगा." एकाच नावाच्या गाडीत वर्षानुसार इंजिन बदललेलं असतं आणि गॅस्केटचं एक भोक इकडेतिकडे असलं तरी ती बसत नाही. आरसीचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या. नवी गॅस्केट हातात आल्याशिवाय जुनी खोलायची नाही. शनिवारी संध्याकाळी गाडी खोलून ठेवायची आणि रविवारी दुकानं बंद, हा प्रकार फार होतो.

काय काय लागेल:

- मॅनिफोल्ड, ईजीआर व्हॉल्व्ह, ईजीआर पाइप आणि थ्रॉटल बॉडी यांच्या नव्या गॅस्केट किंवा ओ-रिंग
- गोटी पान्यांचा सेट, लांब आणि लवचिक एक्स्टेन्शनसह. ॲलन आणि टॉर्क्स की
- टॉर्क रेंच (विकत नको असेल तर भाड्याने किंवा ओळखीने, अंदाजपंचे आवळायचं नाही)
- नायलॉनचे ब्रश, बाटली धुवायचा लांब ब्रश, प्लॅस्टिकची पट्टी
- कार्बन क्लीनर स्प्रे, आणि एअर मास सेन्सरचा वेगळा क्लीनर
- चार-पाच लिटर डिझेल, भिजवायला टब, डीग्रीझर
- धागे न निघणारं कापड. कॉटन वेस्ट हात पुसायला ठीक, पोर्टच्या (इंजिनात हवा जाण्याच्या तोंडांच्या) जवळ अजिबात नको
- नायट्राइलचे हातमोजे, मास्क, चष्मा
- झिप लॉक पिशव्या आणि मार्कर पेन

मास्क कटाक्षाने लावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं, आणि तुम्ही घासणार आहात ती याच धुराची काजळी आहे.

४. खोलणं

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. रात्री गाडी लावून सकाळी काम सुरू करणं सोयीचं. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. काही गाड्यांच्या म्युझिक सिस्टीमला त्यानंतर कोड लागतो, तो आधी शोधून ठेवा.

मग फोटो काढा. प्रत्येक पाइप, प्रत्येक सॉकेट, प्रत्येक क्लॅम्पच्या तोंडाची दिशा. एखादी व्हॅक्यूमची बारीक नळी कुठल्या तोंडावर होती हे संध्याकाळी आठवत नाही, आणि ती चुकीच्या जागी बसली तर गाडी चालू होते पण टर्बो काम करत नाही. मग दोष कशात आहे हे शोधण्यात आठवडा जातो.

क्रम साधारण असा: इंजिनचं वरचं कव्हर, इंटरकूलरचा पाइप, थ्रॉटल बॉडी, मॅप सेन्सर, ईजीआरचा पाइप आणि व्हॉल्व्ह, वायरिंगच्या पट्ट्या, मग मॅनिफोल्डचे बोल्ट. प्रत्येक टप्प्याचे बोल्ट वेगळ्या पिशवीत, वर मार्करने नाव. बोल्टांची लांबी वेगवेगळी असते. लांब बोल्ट आखूड भोकात घातला तर ॲल्युमिनियमचं हेड (सिलिंडरांवरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) आतून फुटू शकतं.

दोन गोष्टी नेहमी अडतात. पहिली, वायरिंगची सॉकेट. उन्हाने आणि इंजिनच्या उष्णतेने त्यांचं लॉक ठिसूळ झालेलं असतं. पेचकसाने उचकटलं की तुकडा हातात येतो. लॉक आधी आत दाबा, मग ओढा. दुसरी, ईजीआर पाइपचे बोल्ट. ते एक्झॉस्टच्या उष्णतेत गंजून बसलेले असतात. आदल्या रात्री त्यांच्यावर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. सकाळी बोल्ट हलत नसेल तर जोर लावायच्या आधी थोडा आवळायच्या दिशेने हलवून बघा, मग सोडवा. पाना फिरताना "कर्रर्र" आवाज आला तर ठीक, पण रबरासारखा मऊ लागला तर थांबा. बोल्ट पिळला जातोय आणि पुढच्या पाव फेरीत तुटणार आहे.

ईजीआरला कूलर जोडलेला असेल आणि त्याच्या नळ्या काढाव्या लागत असतील तर कूलंट सांडेल. खाली भांडं ठेवा. कूलंट गोडसर लागतं आणि विषारी असतं, अंगणातल्या कुत्र्या-मांजरांनी ते चाटू नये.

५. मॅनिफोल्ड निघाला, आता आधी तोंडं झाका

मॅनिफोल्ड हातात आला की तो कसा काळा झालाय ते बघायचा मोह होतो. तो बाजूला ठेवा. आधी हेडची उघडी तोंडं बंद करा. प्रत्येक पोर्टमध्ये स्वच्छ कापडाचा बोळा, वरून रुंद टेप. किती बोळे घातले ते हेडशेजारी टेपवर लिहून ठेवा. जोडताना तितकेच बाहेर आले पाहिजेत. टर्बोकडून येणाऱ्या पाइपाचं तोंडही बांधा.

या कामातला सगळ्यात महागडा घोटाळा म्हणजे आत पडलेला वॉशर. सिलिंडरमध्ये गेलेली वस्तू पहिल्या स्टार्टलाच पिस्टन आणि व्हॉल्व्ह दोन्ही खाते.

६. मॅनिफोल्ड साफ करणं

आधी बघा, मॅनिफोल्ड ॲल्युमिनियमचा आहे की प्लॅस्टिकचा.

ॲल्युमिनियमचा असेल तर आधी प्लॅस्टिकच्या पट्टीने जाड थर खरवडून काढा. मग टबात डिझेलमध्ये रात्रभर भिजत ठेवा. पूर्वी लोक रॉकेल वापरायचे, पण आता ते मिळवायलाच दिवस जातो. सकाळी ब्रशने घासा, डीग्रीझर मारा, गरम पाण्याने धुवा. कोपऱ्यांतलं निघत नसेल तर वॉशिंग सेंटरला नेऊन प्रेशरने धुवून घ्या. मात्र आधी विचारा, कारण हे काळं पाणी काही जणांना त्यांच्या रॅम्पवर नको असतं.

कॉस्टिक सोडा वापरू नका. लोखंडी ब्लॉक कॉस्टिकच्या टाकीत टाकतात हे बघून काही जण ॲल्युमिनियमलाही तेच करतात. कॉस्टिक ॲल्युमिनियम खातो, आणि त्यातून हायड्रोजन वायू निघतो, जो ठिणगीने पेटतो. गॅसची शेगडी लावून कार्बन जाळण्याचा प्रकारही नको. त्याने मॅनिफोल्डचा फ्लॅंज (हेडवर बसणारी सपाट बाजू) वाकतो, आणि मग अंबडला कुठल्यातरी वर्कशॉपमध्ये फेसिंग मारून तो पुन्हा सपाट करत बसावं लागतं.

प्लॅस्टिकचा असेल तर गरमऐवजी कोमट पाणी वापरा, आणि क्लीनरच्या डब्यावर प्लॅस्टिकला चालतो असं लिहिलेलं असेल तरच तो मारा. रात्रभर डिझेलमध्ये ठेवू नका, रबराचे सील फुगतात. काही मॅनिफोल्डच्या आत पातळ झडपा असतात, एकाच दांड्यावर बसवलेल्या. त्यांना स्वर्ल फ्लॅप म्हणतात. त्या बोटाने हलवून बघा. दांडा खडखडत असेल किंवा झडपेचा स्क्रू ढिला असेल तर साफ करून परत लावण्यात अर्थ नाही. तो स्क्रू एक दिवस सिलिंडरमध्येच जाणार. तिथे नवा मॅनिफोल्डच घ्या. झडपा फिरवणारी मोटर किंवा व्हॅक्यूमचा डबा काढून बाजूला ठेवा, तो भिजवायचा नाही.

वाळवणं गंभीरपणे घ्या. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडच्या उन्हात दोन तासांत काम होतं. पावसाळ्यात होत नाही, आणि वळणांमध्ये पाणी राहतं. पंक्चरवाल्याकडे हवा मारून घ्यायची असेल तर आधी त्याला कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी सोडायला सांगा, नाहीतर वाळवायला नेलेल्या मॅनिफोल्डमध्ये आणखी पाणी भरून आणाल. डीग्रीझरचा किंवा डिझेलचा वास येतोय तोवर तो सुकलेला नाही असं समजा.

टबातलं काळं डिझेल आणि धुण्याचं पाणी गटारात ओतू नका. आपल्याकडच्या गटारातून ते नासर्डीत आणि तिथून गोदावरीत जातं. डिझेल कॅनमध्ये भरून, जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या.

७. हेडमधले पोर्ट

इथे नवख्याने हात आखडता घ्यावा. पोर्टच्या तोंडाशी, बोट पोहोचेल तिथवरचा थर काढला तरी पुष्कळ झालं. व्हॉल्व्हपर्यंत जायचं असेल तर त्या सिलिंडरचे इनटेक व्हॉल्व्ह बंदच हवेत. क्रँक पुलीच्या बोल्टला गोटी लावून इंजिन हाताने, ते चालताना फिरतं त्याच दिशेने फिरवा. स्टार्टर मारायचा नाही. बंद झालाय की नाही याचा साधा तपास असा: पोर्टमध्ये अगदी थोडं क्लीनर टाका आणि थांबा. पातळी उतरली तर व्हॉल्व्ह उघडा आहे. स्थिर राहिली तर तिथेच भिजू द्या, मऊ झालेला थर प्लॅस्टिकने सोडवा आणि सगळं पातळ व्हॅक्यूमने किंवा सिरिंजला नळी लावून ओढून घ्या.

द्रव सिलिंडरमध्ये साचू देऊ नका. द्रव दाबला जात नाही, पिस्टन वर येताना कनेक्टिंग रॉड वाकतो.

बाहेर हेच काम अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या दाबाने मारून करतात. ती पद्धत उत्तम आहे, कारण भुगा कार्बन काढतो आणि धातूला ओरखडत नाही. पण त्याला मोठा कॉम्प्रेसर आणि ओढून घेणारा व्हॅक्यूम एकाच वेळी लागतो. घरी जुगाड करू नका.

८. ईजीआर, थ्रॉटल आणि सेन्सर

ईजीआर व्हॉल्व्हचा धातूचा भाग साफ करायचा, मोटरचा भाग कोरडाच ठेवायचा. स्प्रे मारताना व्हॉल्व्ह असा धरा की मोटर वर आणि तोंड खाली राहील. झडप पूर्ण बंद होते का ते उजेडासमोर धरून बघा. कडेने प्रकाश दिसला तर अजून काजळी आहे. थ्रॉटल बॉडीची चकती हाताने जोरात फिरवू नका, आतले प्लॅस्टिकचे गिअर तुटतात.

मॅप सेन्सरच्या टोकाला काडी घालायची नाही. हलका स्प्रे, आणि आपोआप वाळू द्यायचा. एअर मास सेन्सरला फक्त त्याचाच क्लीनर. कार्ब क्लीनर (कार्ब्युरेटर साफ करायचा स्प्रे) मारलात तर तो खराब होऊ शकतो, आणि त्याची किंमत तुमच्या बाकी सगळ्या सामानाएवढी असते.

९. जोडणी

जुन्या गॅस्केटचे तुकडे प्लॅस्टिकच्या पट्टीनेच काढा. पॉलिश पेपर हेडवर घासायचा नाही, त्याचे कण आत गेले तर इंजिन आतून घासतं.

बोळे मोजा. पुन्हा मोजा. मग नवी गॅस्केट, मग मॅनिफोल्ड. सगळे बोल्ट आधी हाताने बसवा. एकही बोल्ट पान्याने सुरू करायचा नाही, आटे वाकडे जातात. मग मधल्या बोल्टपासून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे, दोन फेऱ्यांत आवळा. टॉर्क किती ते तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये मिळेल. प्लॅस्टिकच्या मॅनिफोल्डला तो ॲल्युमिनियमपेक्षा बराच कमी असतो.

गॅस्केटला वरून सिलिकॉन लावायचा आग्रह कुणी करेल. लावू नका. बाहेर आलेला सिलिकॉन आतही आलेला असतो.

१०. पहिला स्टार्ट

बॅटरी लावा. डिझेलचा कुठलाही पाइप सोडवला असेल तर चावी दोन-तीनदा ऑन-ऑफ करून पंपाला डिझेल ओढू द्या.

स्टार्ट करण्याआधी हाताशी एक जाड, सपाट फळी ठेवा. इनटेकमध्ये क्लीनर किंवा डिझेल राहिलं असेल तर इंजिन तेच इंधन म्हणून ओढतं आणि चावी बंद केली तरी वेग चढत राहतो. असं झालं तर मॅन्युअल गाडीला ब्रेक दाबून टॉप गिअरमध्ये क्लच सोडा, किंवा फळीने हवेचं तोंड बंद करा. तळहात कधीही लावू नका. मॅनिफोल्ड नीट वाळला असेल तर हे सहसा होत नाही, पण झालं तर विचार करायला वेळ मिळत नाही.

याच कारणासाठी चालू डिझेल इंजिनाच्या इनटेकमध्ये पेट्रोल गाडीचा कार्ब क्लीनर फवारायचा व्हिडिओ बघून घरी करून बघू नका.

गाडी सुरू झाल्यावर थोडा धूर येईल, तो काही मिनिटांत जायला हवा. रेस वाढवताना "फुस्स" आवाज येतो का ऐका. येत असेल तर एखादा क्लॅम्प ढिला आहे. मग स्कॅनरने कोड पुसा. पुष्कळ गाड्यांत ईजीआर आणि थ्रॉटलला नवी जागा शिकवावी लागते. तुमच्या स्कॅनरमध्ये ती सोय नसेल तर एवढ्यापुरतं गॅरेजला जा.

शेवटी पाथर्डी फाट्यावरून मुंबई हायवेला लागा आणि वाडीवऱ्हेपर्यंत सलग जाऊन या. परत आल्यावर बॉनेट उघडून कूलंटची पातळी आणि प्रत्येक जोड पुन्हा तपासा.

११. पुन्हा लवकर साचू नये म्हणून

कार्बन साचतो तो बहुतेक करून गाडी हळू आणि थंड चालवल्याने. कॉलेज रोड ते गंगापूर रोड एवढंच रोजचं रनिंग असलेल्या गाडीचं इंजिन धड तापतच नाही. लासलगाव, पिंपळगावच्या बाजार समितीत कांद्याची पिकअप रांगेत तासभर चालूच ठेवतात, तिथेही तेच. रांग हलत नसेल तर इंजिन बंद करा. निफाडकडच्या हिवाळ्यात गाडी गरम व्हायला आणखी वेळ लागतो, त्या दिवसांत पाच मिनिटांच्या फेऱ्या टाळता आल्या तर बरं.

आठवड्यातून एकदा हायवेवर अर्धा तास, वरचा गिअर घाईने न टाकता, २,०००-२,५०० आरपीएमला चालवा. ऑइल कंपनीने सांगितलेल्याच ग्रेडचं टाका आणि डिपस्टिकच्या वरच्या खुणेच्या वर भरू नका, जादा ऑइल ब्रीदरमधून इनटेकमध्येच येतं. इंटरकूलरच्या पाइपात ऑइल थेंब-थेंब साचत असेल तर टर्बोचे सील आणि ब्रीदर तपासून घ्या. ते तसंच ठेवून मॅनिफोल्ड साफ करणं म्हणजे पुढच्या वर्षीचं काम आजच बुक करणं.

ईजीआरला पत्रा लावून बंद करायचा सल्ला मिळेलच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत असा बदल करू देत नाही. कायद्याचं सोडलं तरी पी०४०१ चा दिवा पेटतो, आणि बीएस-६ गाडीत तर डीपीएफपासून (धुरातली काजळी गाळणारा फिल्टर) सेन्सरपर्यंत सगळं एकमेकांत गुंतलेलं आहे. पत्र्याने इनटेक स्वच्छ राहतो हे खरं, पण तो मार्ग मी कुणाला सुचवत नाही.

१२. गॅरेजला द्यायचं ठरवलं तर

त्यातही काही कमीपणा नाही. फक्त काम देताना नेमकं विचारा: "मॅनिफोल्ड बाहेर काढणार, की मशीन लावून डीकार्बन करणार?" इंजिन चालू ठेवून वायू सोडणाऱ्या मशीनने मॅनिफोल्डमधला चिकट थर निघतो असं मला तरी दिसलेलं नाही. "गॅस्केट नव्या टाकणार का?" "ईजीआर अडॅप्टेशन करणार का?" (म्हणजे वर सांगितलेलं, नवी जागा शिकवणं) आणि "खोलल्यावर मला फोटो पाठवाल का?" चांगला मिस्त्री या प्रश्नांनी चिडत नाही.

बिलावर प्रत्येक गॅस्केट वेगळी लिहून घ्या, आणि काढलेल्या जुन्या गॅस्केट डिकीत ठेवायला सांगा.